पोकळ पायडल

गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायला लाज वाटतेय, पण सांगतो. बाबा सायकलवरून पडले, उजवं मनगट मोडलं, आणि ते पडले माझ्यामुळे. हाड बसवून प्लास्टर घातलं, बाबा मला एका शब्दानं काही बोलले नाहीत, आणि त्या रात्री मी सायकल गॅलरीत उलटी करून तिच्यासमोर बसलो. त्या उलट्या सायकलीपासून सुरू झालेलं वाचन मागे मागे जात पार १८६९ सालापर्यंत पोचलं. आजचं पुराण त्याचंच. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सायकलीविषयी. बाबांची सायकल म्हणजे २२ इंची, काळी, दांडीवाली, रॉडच्या ब्रेकची. जिच्या दांडीवर बसून मी बालवाडीत गेलो, तीच. बँकेतून रिटायर झाल्यावर मंडईतून भाजी आणणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम. कोथरूड ते मंडई आणि परत. भाजी आमच्या कोपऱ्यावरही मिळते, हा मुद्दा घरात कधीच चर्चेला येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टर म्हणाले, चढावर जोर लावू नका. म्हणजे पुण्यात सायकल चालवू नका! बाबा आठवडाभर गप्प गप्प होते. मग मी डोकं चालवलं आणि एक किट आणून बसवलं. मागच्या चाकाच्या हबमध्येच २५० वॅटची मोटर, कॅरिअरवर बॅटरी, हँडलला छोटा डिस्प्ले, आणि क्रँकपाशी चुंबकांची एक चकती. पायडल फिरलं की चकती फिरते, सेन्सरला कळतं, मोटर सुरू होते. पाय थांबले की मोटर थांबते. बाबा खूश. "कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं", म्हणाले.

डिसेंबरात एक दिवस मात्र म्हणाले, "पायडल मधूनच पोकळ लागतंय रे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय देतो, तर खाली काही नसल्यासारखं. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त मोजली की कसं होतं, तसं. सकाळी जास्त होतं."

मी काय केलं? हापिसात करतो तेच. डिस्प्लेवरचे व्होल्टेजचे आकडे बघितले, सेन्सरचं कनेक्टर काढून परत घातलं, सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारल्या. झकास चालत होती. बग रिप्रोड्यूस होत नाही, टिकिट क्लोज. वर बाबांनाच ऐकवलं, "बाबा, तुमचे गुडघे आता थोडा दगा देणारच." त्यानंतर त्यांनी आणखी एकदा सांगितलं, मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलंच नाही.

जानेवारीत एका बुधवारी रात्रभर आमचं रिलीज चाललं होतं. बॅटरी चार्जिंगला लावायचं काम माझं, ते राहिलं. सकाळी साडेसातला, मंडईतून परत येताना, पौड फाट्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर बॅटरी बसली आणि मोटर बंद पडली. बाबांनी साठ वर्षं जे केलं तेच केलं. सीटवरून उठले आणि उजव्या पायडलवर सगळं वजन टाकलं. खाली काही नव्हतं.

मागून येणारा रिक्षावाला हळू होता म्हणून निभावलं.

तर, दोष होता फ्रीव्हीलमध्ये. ज्यांनी सायकल फक्त जिममध्ये चालवली आहे त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला जी दातेरी चकती असते, जिच्यावरून चेन फिरते, तिच्या पोटात हे यंत्र असतं. बाहेरचं कडं चेनबरोबर फिरतं, आतला भाग चाकाला घट्ट. कड्याला आतून करवतीसारखे तिरके दात, आणि आतल्या भागावर दोन छोट्या पोलादी जिभा, प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. पायडल मारलं की जिभा दातांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबले की चाक पुढे निघतं आणि जिभा दातांवरून घसरत जातात. टक टक टक टक. उतारावर ऐकू येणारा तो आवाज यांचा. आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काका या जिभांना 'कुत्रा' म्हणतात. नाव चपखल आहे. धरलं की सोडायचं नाही, आणि कोणी पुढून निघून गेलं की नुसतं भुंकायचं.

हे एवढंसं यंत्र नसताना सायकल काय चीज होती, याची आज कल्पना येत नाही. १८६० च्या दशकात पॅरिसला मिशोंच्या कारखान्यातून ज्या व्हेलॉसिपीड निघाल्या त्यांचं पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं होतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय. १८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या विल्यम व्हॅन अँडन नावाच्या माणसानं पुढच्या चाकाच्या हबमध्ये रॅचेट बसवून पेटंट घेतलं. म्हणजे फ्रीव्हीलच. आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं सायकलवाल्या जगानं त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मला हे वाचून पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. इतकी सोयीची गोष्ट तीस वर्षं कशी काय पडून राहते? मग लक्षात आलं की चाकाला जखडलेलं पायडल हाच त्या काळचा मुख्य ब्रेक होता. पाय मागे रेटायचे, चाक हळू व्हायचं. फ्रीव्हील बसवलं की पायांचा हा ब्रेक गेला. उरला तो टायरवर दाबायचा चमचा, आणि १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणल्यावर टायरवर चमचा घासणं म्हणजे स्वतःच्या हातानं टायरची वाट लावणं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' काढली. दोन जवळपास सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, म्हणजे आपल्या ओळखीची सायकल. पण तीही फ्रीव्हीलशिवायच. उतारावर लोक पाय उचलून पुढच्या चिमट्याला लावलेल्या खुंट्यांवर ठेवायचे आणि खाली पायडलं गरागरा फिरत राहायची. पुन्हा पाय घालायचा तो त्या फिरत्या पायडलवर, अंदाजानं. आपण घाबरलो असतो. शतक संपता संपता रिमला धरणारे चांगले ब्रेक आले आणि मग दोन-चार वर्षांत फ्रीव्हील सगळीकडे झालं. थोडक्यात, डिपेंडन्सी तयार नव्हती म्हणून फीचर तीस वर्षं पडून होतं. १९०३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फिश्टेल अँड झाक्स कंपनीनं 'टोर्पेडो' हब काढलं. पुढे मारलं की चालते, थांबलं की मोकळी, उलटं मारलं की ब्रेक. फ्रीव्हीलमुळे गेलेला पायाचा ब्रेक त्यांनी फ्रीव्हीलच्याच पोटात परत घातला. माझ्या मते हा आख्ख्या सायकलच्या इतिहासातला सगळ्यात देखणा तुकडा आहे. असो.

आता मोटरकडे. सायकलला इंजिन लावायची खाज फार जुनी. पॅरिसच्या वर्नर बंधूंनी १८९७ मध्ये पुढच्या चाकावर इंजिन बसवून विकायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या बऱ्याच मोटरसायकलींना क्लच नव्हता, गिअर नव्हते, नुसता एक चामड्याचा पट्टा इंजिनापासून चाकापर्यंत. सुरू करायला पायडल मारायचं आणि चढ आला की पुन्हा पायडल मारायचं. इंग्रज लोक याला ऐटीत 'लाइट पेडल असिस्टन्स' म्हणत, लाडानं एल.पी.ए. म्हणजे असिस्ट करायचं ते माणसानं, इंजिनाला! आज बाबांच्या डिस्प्लेवर असिस्ट हाच शब्द उमटतो, फक्त मालक आणि मदतनीस यांची अदलाबदल झाली आहे.

या सगळ्यात फ्रीव्हीलचं काम एकदम बदललं. साध्या सायकलीत ते उतारावरच्या विश्रांतीसाठी असतं. मोटरच्या सायकलीत ते दोन ताकदींमधला करार असतं. चाक एक, ओढणारे दोन, आणि एकानं दुसऱ्याला ओढायचं नाही. फ्रीव्हील नसतं तर इंजिन चाकाला जितक्या वेगानं पळवेल तितक्या वेगानं पायडलंही फिरली असती, पायांसकट.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना पुन्हा वर आली, कारण पेट्रोल नाही, पैसा नाही, आणि सायकली मात्र घरोघर. १९४६ मध्ये हामामात्सूत सोइचिरो होंडाच्या हाती जपानी लष्कराच्या वायरलेस यंत्रांच्या जनरेटरची छोटी इंजिनं लागली. त्यानं ती सायकलींना लावून विकायला सुरुवात केली. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून घरातली गरम पाण्याची पिशवीसदृश डबी वापरली होती, आणि चालवून बघायला बसल्या त्या साची होंडा, म्हणजे त्याची बायको. भाजीपाल्यासाठी तिला लांब पायडल मारत जावं लागतं हेही एक कारण होतं म्हणे. हे वाचताना मला मंडईची पिशवी आठवली आणि जरा बरं वाटलं. त्या इंजिनांचा आवाज 'बाता बाता' असा यायचा म्हणून लोकांनी तेच नाव पाडलं. १९५२ मध्ये होंडानं 'कब एफ' हे सायकलला बसवायचं इंजिन काढलं, पांढरी टाकी आणि लाल इंजिन. ते विकायला ताकेओ फुजिसावानं जपानभरातल्या सुमारे ५०,००० सायकल दुकानांना पत्रं धाडली. मोटरसायकलवाल्यांना नाही, सायकलवाल्यांना! होंडाचं विक्रीचं जाळं उभं राहिलं ते पंक्चर काढणाऱ्या लोकांवर.

इटलीत तोवर तुरिनच्या सियाटा कंपनीचं ४८ सीसीचं एक इंजिन आलं होतं, 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आवाज तसा होता म्हणून. १९४६ पासून ते बोलोन्याची एक कंपनी बनवू लागली. ही कंपनी आधी रेडिओ आणि कॅमेरे बनवायची आणि तिचा कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला होता. कंपनीचं नाव दुकाती. हो, तीच. लाल रंगाच्या, माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढ्या किमतीच्या मोटरसायकली बनवणाऱ्या कंपनीचं दोन चाकांवरचं आयुष्य सायकलला लटकवायच्या पिल्लापासून सुरू झालं :)

कुच्चोलोपाशी मी जास्त रेंगाळलो, कारण निदानाची किल्ली मला तिथे सापडली. हे इंजिन सायकलच्या मधोमध, क्रँकच्या जागी बसायचं. पायडलं इंजिनाच्याच अंगातून बाहेर यायची, आणि मागच्या चाकाकडे जाणारी चेन एकच. पाय आणि इंजिन, दोघंही तीच चेन ओढणार. गंमत म्हणजे कोणता गिअर पडणार हेही पायडलं कोणत्या स्थितीत ठेवली आहेत त्यावर ठरायचं, मग क्लच दाबायचा. आता बघा, अशा सायकलीचं मागचं फ्रीव्हील घसरलं तर पायांचा जोरही वाया आणि इंजिनाचाही. उलट इंजिन व्यवस्थित ओढतंय आणि फक्त पाय पोकळ पडतायत, तर दोष चेनच्या अलीकडे, पायडलपाशी. फ्रान्सची व्हेलोसोलेक्स, १९४६ सालचीच, याच्या अगदी उलट. तिचं इंजिन पुढच्या चाकावर, एक रूळ टायरला टेकवून चाक फिरवायचं. पावसात तो रूळ टायरवरून घसरायचा. पण पाय आणि इंजिन यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. पायडल पोकळ लागलं तर तो सरळ सायकलचा आजार, मोटरकडे बघायचं कारणच नाही.

म्हणजे पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नाही. पहिला प्रश्न असा, की दोन ताकदी कुठे एकत्र येतात? बाबांच्या सायकलीत त्या मागच्या हबवर येतात. मोटर हबच्या आत, ती चाक फिरवते. चेन येते बाहेरून, फ्रीव्हीलमार्गे. त्यामुळे फ्रीव्हील पार मेलं तरी मोटर चाक फिरवत राहणार. हे कळल्यावर मी पहिल्यांदा बॅटरीची वायर काढून ठेवली. डिसेंबरात हे केलं असतं तर दहा मिनिटांत सापडलं असतं.

मोटर बंद करून केलं ते असं. सायकल सरळ उभी केली, बायकोला मागचं चाक घट्ट धरायला सांगितलं आणि मी पायडल हातानं जोरात दाबलं. क्रँक हलला पण पुढची मोठी दातेरी चकती जागीच राहिली, तर कॉटर पिन ढिली. तिचा 'कट्' असा आवाज येतो आणि दोन्ही पायडलं एका रेषेत राहत नाहीत. चकती फिरली पण चेन दातांवरून उडी मारतेय, तर चेन ताणलेली किंवा दात झिजलेले. चेनचे १२ पूर्ण इंच मोजायचे. नव्या चेनीत पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ भरतात, सव्वाबाराच्या निम्म्यापर्यंत गेली, म्हणजे १२ आणि एक अष्टमांश, की चेन बदलायची. हे दोन्ही ठीक होतं. मग मुलीच्या दप्तरातला व्हाइटनर घेतला आणि मागे तीन रेघा ओढल्या. एक फ्रीव्हीलच्या बाहेरच्या दातांवर, एक त्याच्या आतल्या भागावर, एक हबवर. आतला भाग हबवरून सरकला तर आटे गेलेले. बाहेरचं कडं आतल्या भागावरून सरकलं तर कुत्रे गेलेले. दाबलं, काही नाही. दाबलं, काही नाही. सातव्यांदा दाबलं आणि बाहेरची रेघ चुपचाप पुढे निघून गेली. आवाजसुद्धा नाही. टकटक नाही, कटकट नाही, नुसती पोकळी.

रात्री दीड वाजता मी त्या रेघेकडे बघत बसलो होतो.

मग प्रश्न असा, की तीन-चार आठवडे हे चालू असताना मला चाचणीत का दिसलं नाही? इथे मोपेडचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण पायडल हा अवयव खरा काय आहे ते तिथे उघड होतं.

मोपेड हा शब्द स्वीडनचा, १९५२ च्या सुमाराचा. मोटर आणि पेडल यांची पहिली अक्षरं जोडून केलेला. पण नाव पडलं तेव्हापासूनच पेडलचं महत्त्व कमी होत गेलं. इंजिनं सुधारली, क्लच आपोआप लागू लागले, चढावर पाय लागेनासे झाले. पायडल उरलं ते सुरू करण्यापुरतं आणि कायद्यापुरतं. याचा कळस ब्रिटनमध्ये झाला. तिथे १९७१ च्या अखेरीस नियम आला, की सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीपर्यंतच आणि पायडलवर चालू शकेल असंच वाहन चालवता येईल. झालं, कंपन्यांनी अस्सल मोटरसायकली बनवल्या आणि त्यांना पायडलं लावली. यामाहाच्या एफएस१-ई मध्ये तर दोन्ही पायडलं पुढच्या बाजूला एकत्र फिरवून कुलूपबंद करता यायची, की झाले फूटरेस्ट. पायडल मारून ती चालवणं म्हणजे शिक्षा, पण चालू शकते ना, बास. १९७७ मध्ये नियम बदलून पायडलची अट काढली आणि त्याऐवजी ताशी ३० मैलांची मर्यादा आणली. पायडलं गेली.

आपल्याकडे १९७२ मध्ये लूना आली. हस्तीमल फिरोदियांची कायनेटिक इंजिनिअरिंग, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. मूळ अवतार इटलीच्या पियाजिओची 'चाओ' मोपेड. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं, त्यामुळे लूनाची वेळ भलतीच बरोबर ठरली. 'चल मेरी लूना' माझ्या पिढीलाही पाठ आहे. माझ्या आत्याकडे लूना होती. स्टँडवर लावायची, दोन-चार पायडलं मारायची, धूर, आणि मग पायडलांवर पाय ठेवून निघायचं. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता येतं हा लूनाचा मोठा गुण सांगितला जायचा. आत्यानं तो एकदा वापरला आणि पुन्हा कधी पेट्रोल संपू दिलं नाही! १९७८ मध्ये लुधियानाच्या हिरो सायकलवाल्यांची मॅजेस्टिक, १९८० मध्ये दोघांना बसता येणारी टीव्हीएस ५०. आणि १९८४ मध्ये कायनेटिक आणि हिरो, दोघांनीही हातमिळवणी केली ती होंडाशी, सायकलला वायरलेसचं इंजिन लावणाऱ्या त्याच होंडाशी. मग किक आली, बटण आलं, पायडल गेलं. आजची टीव्हीएसची एक्सएल १०० बघा, पायडल नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत लूना विजेवर परत आली, तिलाही पायडल नाही.

आणि इकडे विजेच्या सायकलीमुळे पायडल मागच्या दारानं परत आलं, पुन्हा कायद्याचा हात धरून. युरोपात २००२ च्या नियमानं ठरलं, की २५० वॅट, ताशी २५ किलोमीटर आणि पायडल मारत असतानाच मोटर, एवढं पाळलं तर ती सायकल, नाहीतर मोटरवाहन. आपल्याकडेही २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ च्या आत असलं की नोंदणी लागत नाही. त्यामुळे स्वस्तातल्या किटमध्ये पायडल म्हणजे खरं तर एक बटण असतं. बाबांच्या सायकलीवरची ती चुंबकांची चकती फक्त मोजते की क्रँक फिरतोय का. चेनला ताण आहे की नाही, पायांचा जोर चाकाला पोचतोय की नाही, याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

आता लावा जोडून. फ्रीव्हील घसरतं, पायडल पोकळ फिरतं. पण फिरतं ना! सेन्सर म्हणतो, वा, साहेब पायडल मारतायत, आणि मोटरला हुकूम सोडतो. सायकल झोकात पुढे जाते. म्हणजे फ्रीव्हील जितकं जास्त निकामी तितकं पायडल हलकं, आणि तितकी सायकल छान चालल्यासारखी वाटणार. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या कोडमध्ये रिकामा कॅच ब्लॉक शोधण्यात रात्र घालवली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. एरर येत होती, मोटर ती गिळत होती. फक्त अगदी पहिल्या अर्ध्या फेरीत, मोटर जागी व्हायच्या आधी, ती बाबांच्या पायाला कळत होती. तीच ती जास्तीची पायरी. आणि सोसायटीच्या सपाट आवारात, मोटर चालू ठेवून मी तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी चाक काढून सायकलवाल्या काकांकडे नेलं. ते मला दांडीवर बसायचो तेव्हापासून ओळखतात. "बाबांचं कळलं", म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. फ्रीव्हीलच्या तोंडावरच्या झाकणाला दोन भोकं असतात, त्यात पंच टेकवून हातोडीनं ठोकत ते उघडायचं, आणि आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं सुटतात. झाकण निघालं आणि छर्रे वर्तमानपत्रावर सांडले. काकांनी आत बोट घातलं, बाहेर काढून माझ्यापुढे धरलं. बोटावर काळपट, घट्ट, डांबरासारखा गोळा.

"ग्रीस कोणी भरलं रे यात?"

मी. ऑक्टोबरात. कारण टकटक. मोटरची सायकल साध्या सायकलीपेक्षा फार जास्त टकटकते. बाबा सावकाश पायडल मारतात, मोटर चाकाला त्याहून जोरात पळवते, म्हणजे पाय चालू असतानाही फ्रीव्हील सतत मागे पडत असतं. मी नंतर हिशोब केला. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, आत २० दात. पाय पूर्ण थांबवले तर किलोमीटरला नऊ हजार टकटक. बाबा मारतात त्या गतीनं त्याच्या चाळीस टक्के धरल्या तरी मंडईच्या एका १४ किलोमीटरच्या फेरीत ५०,०००. मला वैताग आला आणि एक व्हिडिओ बघून मी हौसेनं केलेल्या ओव्हरऑइलिंगमध्ये फ्रीव्हील ग्रीसनं गच्च भरून टाकलं. आवाज बंद! बाबा म्हणाले होते, "एकदम मुकी झाली की सायकल." मला ती तारीफ वाटली.

फ्रीव्हीलमध्ये पातळ तेलाचे दोन-चार थेंब घालतात, ग्रीस नाही. केसाएवढ्या स्प्रिंगला तो चिखल रेटून कुत्रा उचलता येत नाही. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं, म्हणून "सकाळी जास्त होतं". रॉकेलमध्ये धुतल्यावर दिसलं की दोनपैकी एका कुत्र्याची स्प्रिंग तुटलेली होती आणि दुसरा आपल्या खाचेत झोपून गेला होता. मनात आलं तर उठायचा.

काकांनी नवं फ्रीव्हील काढलं, लुधियानाचं, पाकिटावर तेलाचे डाग. परदेशी बनावटीच्या मोटरच्या हबवर ते पहिल्या फेरीत सरळ बसलं, कारण आटे दोघांचेही तेच जुने इंग्रजी, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४. कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या काळचं हे माप मोटरवाल्यांनीही मोडलेलं नाही. आमच्या क्षेत्रात एवढा बॅकवर्ड कम्पॅटिबल इंटरफेस मी बघितलेला नाही. पैसे झाले ते हापिसाखालच्या कॉफीपेक्षा कमी. काकांनी चाक हातात धरून फिरवलं, कानाजवळ नेलं आणि म्हणाले, "हा आवाज गेला की आणायची. समजलं?"

समजलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, ग्रीससकट. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे गुडघे नव्हते", एवढंच म्हणाले, आणि डाव्या हातानं पेपर चाळायला लागले.

प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर मंडईचं काम माझ्याकडे आलंय. बॅटरी काढून ठेवली आहे. पौड फाट्याच्या चढावर पहिल्या दिवशी उतरून ढकलत नेली, काल अर्ध्यापर्यंत बसून गेलो. कोथिंबीर मात्र अजून शिळीच आणतो असं मत पडलं आहे.